मार्गदर्शनाखाली

"तूच लिहून आण, मी सही करून देतो," असं मारोतराव काकांनी सांगितलं आणि मला ते बरंच वाटलं. मी काय काम करते हे माझ्यापेक्षा नीट कोण लिहिणार होतं?

इंडस्ट्रियल एरियातल्या एका कास्टिंग कंपनीचा कॉम्प्युटर विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे मी आणि माझे साहेब, मारोतराव काका. ट्रक काट्यावर चढला की वजन आपोआप नोंदलं जावं, त्यावरून बिल निघावं आणि माल स्टॉकमध्ये दिसावा, ही सगळी सिस्टीम मी लिहिली. नोकरी मात्र काकांनी लावून दिली होती. मंडळाच्या गणपतीत बाबांनी त्यांच्या कानावर घातलं होतं, त्यामुळे ऑफिसातही ते काकाच राहिले.

मला नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. त्या व्हिसाआधी तिकडची एक संस्था आपली पदवी, सर्टिफिकेटं आणि अनुभव तपासते. सर्टिफिकेटांच्या परीक्षा मी घरी अभ्यास करून दिल्या होत्या, त्यांची अडचण नव्हती. पदवी मात्र माझी भौतिकशास्त्राची. कॉम्प्युटरची पदवी नसलेल्यांच्या अनुभवातली सुरुवातीची काही वर्षं संस्था धरत नाही. ती वजा केल्यावर माझी उरलेली वर्षं जेमतेम पुरत होती. तीही, प्रत्यक्ष काय काम केलं हे वरिष्ठाने कंपनीच्या लेटरहेडवर लिहून दिलं तरच.

काकांनी आधी एक पत्र दिलं होतं. मी मेहनती, आज्ञाधारक आणि चांगल्या वर्तणुकीची आहे असं त्यात लिहिलं होतं, आणि उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा होत्या. संस्थेने कळवलं की यावरून कामाचं स्वरूप समजत नाही, महिनाभरात दुसरं पत्र द्या.

म्हणून मी लिहिलं. एक पान झालं, विशेषण एकही नव्हतं. ते काकांच्या टेबलावर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. आधी लेटरहेड संपली होती, मग कंपनीचे मालक, शेठ, रायपूरला होते, मग काकांना चष्म्याचा नंबर बदलायचा होता.

बाबांची सगळी नोकरी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये गेली. साहेबाच्या सहीसाठी घाई करायची नसते, आठवण द्यायची पण हसून द्यायची, असं ते म्हणाले. आईने काकांकडे कोथिंबिरीच्या सांभारवड्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून सुशीला काकूंनी त्यात बेसनाचे लाडू घालून धाडले. आता होईल काम, असं आई म्हणाली. लाडू संपल्यावर तिने पुन्हा डबा भरला, तोही भरून परत आला, की तिने आणखी एक धाडला. कॅम्प-वनमधलं आमचं आणि नेहरू नगरातलं काकांचं, या दोन घरांमध्ये सगळं काही ये-जा करत होतं, एक कागद सोडून.

मंगळवारी मुदत संपत होती. रविवारी मी स्कूटी काढली आणि काकांच्या घरी गेले.

काकांनी कपाटातून माझा कागद काढला. त्यांनी तो वाचला होता, नीट वाचला होता. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला पेन्सिलने बारीक अक्षरात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं घातलं होतं. सिस्टीम तयार केली असं मी लिहिलं होतं, तिथे तयार करण्यास मदत केली असं झालं होतं.

असं लिहिलं तर संस्था मला मदतनीस समजेल आणि माझी सगळी वर्षं जातील, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते चिडले नाहीत. काकूंना चहा टाकायला सांगितला आणि मग आपली बाजू मांडली. साठी उलटल्यापासून त्यांना दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. यंदा शेठने सांगितलं की तुम्ही इथे काय उभं केलं ते लिहून द्या. काकांनी काट्याची सिस्टीम लिहून दिली.

"तुझं पत्र निघालं की त्याची कॉपी शेठच्या फाईलला लागते," ते म्हणाले. "माझाही कागद तिथंच आहे. दोन्ही एका फाईलीत कसे ठेवू, सांग?"

मी म्हटलं की माझा कागद खरा आहे.

"खोटा कोण म्हणते? टीमचं काम असते ते. तुझं वय आहे, बाई. मले अजून दोन वर्षं काढायची आहेत."

संस्था पत्र देणाऱ्याला मेल करून प्रश्न विचारू शकते. मी ते त्यांना सांगितलं आणि विचारलं, "काका, काटा बिलाशी कसा जोडला असं त्यांनी विचारलं, तर काय लिहाल?"

"तुलेच विचारीन ना," ते सहज म्हणाले. "तू कुठं जाऊन राहिली?"

त्यांना यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी पेन उघडलं. पेन्सिलचं तेवढं टाईप करून आण, हवं तर आत्ताच कोऱ्या लेटरहेडवर सही करून देतो, असं म्हणाले. कोऱ्या सहीवर मागून माझं खरं छापणं म्हणजे चोरीच झाली असती. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठले. दारात काकूंनी हातात डबा दिला. आईचाच होता.

घरी बाबांनी सहीचं विचारलं. मी सांगितलं.

"कावून नाही घेतली पण? थोडं खालीवर लिहिलं तर का बिघडते?"

मी म्हटलं, "तुम्ही भट्टीसमोर उभं राहून काम केलं आणि कागदावर आलं की तुम्ही नुसती सांडशी धरून दिली, तर चाललं असतं?"

"आमचं तसंच तर लिहून राहत होते," बाबा म्हणाले आणि त्यांनी डब्यातला लाडू घेतला.

मंगळवार गेला. अर्ज बंद झाल्याचा मेल आला, तो मी दोनदा वाचला. पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा तोच कागद, तीच सही. गेलेल्या वर्षांचं आता काही करता येत नव्हतं. पुढच्या कामाचा कागद मात्र काम होतं त्याच दिवशी तयार होईल, एवढं मी ठरवलं.

गुरुवारी सकाळी काटा बंद पडला. काट्यावरच्या बबलूचा फोन आला. एरवी मी तशीच उठून दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी मी आधी काकांना मेल लिहिला: काय बिघडलं, का बिघडलं, मी त्यात कोणता बदल करणार आहे, कृपया मान्यता द्यावी. कॉपी शेठला.

पार्टिशनच्या पलीकडून काकांचा फोन आला. "मेल काय करत बसली? करून टाक ना."

"तुमचं उत्तर आलं की लगेच करते, काका."

त्यांनी फोन ठेवला. मग उत्तर आलं: ठीक आहे, माझ्या मार्गदर्शनाखाली करावे. कॉपी शेठला.

मी खाली लिहिलं: मार्गदर्शन करावे. तीही कॉपी शेठला पाठवली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

बाहेर हॉर्न वाजायला लागले होते. बबलूने पुन्हा फोन केला. "दीदी, लाइन मेन रोड तक पहुँच गई."

"मारोतराव सरांना सांग," मी म्हटलं.

पलीकडे काकांचा कीबोर्ड एकदा वाजला, आणि थांबला.