तार काढली तरी उत्तर

मित्रांनो, माझ्या कीबोर्डवरचे 'पी' हे अक्षर पार पुसून गेले आहे. दिवसातून पन्नास वेळा तिथे एकच बोट आपटले, तर दुसरे काय होणार? मी दवाखान्यातला एक जुना लॅपटॉप. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी पाठ आरशासारखी चकाकत होती. पण माझे खरे काम चालायचे ते काळ्या पडद्यावर, जिथे चित्रे नसतात, नुसती अक्षरे असतात.

माझा मालक दवाखान्यातले सगळे संगणक एकमेकांना जोडायचा, म्हणून लोक त्याला 'जोडणीकर' म्हणत. कुठे अडले की मला काखोटीला मारून तो धावायचा. काळ्या पडद्यावर 'पिंग' लिहायचा आणि पुढे त्या संगणकाचा नंबर. घरांना असतो तसा प्रत्येक संगणकाला नंबर असतो, आणि पिंग म्हणजे त्या घराला मारलेली हाक. उत्तर आले, तर वाट ठीक. नाही आले, तर 'ट्रेसर्ट' लिहून हाक कोणत्या वळणावर अडली ते शोधायचे. "हा माझा उजवा हात," असे तो चारचौघांत म्हणाला की माझा पंखा उगीचच जोरात फिरायचा.

मग नवा लॅपटॉप आला. मी कपाटात गेलो, तारांच्या भेंडोळ्याखाली. चार वर्षे कोणी माझे झाकण उघडले नाही.

गेल्या सोमवारी तो नवा दुरुस्तीला गेला आणि जोडणीकराने मला बाहेर काढले. मला आकाश ठेंगणे झाले! पण त्याच दिवसापासून रक्ततपासणीचे रिपोर्ट लॅबमधून वॉर्डातल्या संगणकावर पोहोचेनासे झाले. कधी जायचे, कधी वाटेतच गडप.

जोडणीकराने लॅबच्या संगणकाला, म्हणजे पंचेचाळीस नंबरला, पिंग केले. झटकन उत्तर आले. पुन्हा केले, पुन्हा आले.

"मशीन ठणठणीत आहे," तो मोठ्या डॉक्टरांना म्हणाला. "लॅबवाल्या ताईच पाठवायला विसरतात."

ताई एकोणीस वर्षे तिथे रक्त तपासत होत्या. बुधवारी रिपोर्ट न आल्यामुळे एका आजोबांचे ऑपरेशन आयत्या वेळी थांबले. म्हातारा जीव दुपारपर्यंत उपाशीपोटी स्ट्रेचरवर पडून राहिला. मोठ्या डॉक्टरांनी भर वॉर्डात, नर्सबाईंच्या देखत, ताईंच्या हातात नोटीस ठेवली. निष्काळजीपणाचा खुलासा करा, नाहीतर घरी बसा.

ताई तडक आमच्या खोलीत आल्या.

"मी पाठवतेय हो! सारखी जोडणी तुटते. किती वेळा सांगू?"

"ताई, मी काय डोळे मिटून बसलोय? हे बघा, तुमचं मशीन उत्तर देतंय."

"म्हणजे या डब्यावर तुमचा विश्वास, आणि माझ्यावर नाही?"

"डबा खोटं बोलत नाही, ताई."

ते ऐकून मी सुखावलो. आता आठवले की लाज वाटते.

ताई दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी खाली जाऊन माझ्या मशीनची तारच काढते. फोन उचला फक्त."

पाच मिनिटांत फोन वाजला. "काढली. तार माझ्या हातात आहे. मारा आता हाक!"

जोडणीकराने पिंग लिहिले. मी हाक मारली.

उत्तर आले. एक, दोन, तीन, चार. चारही वेळा.

त्याचा हात हवेतच राहिला. "ताई, खरंच काढलीत?"

"अहो, हातात आहे म्हटलं ना! थांबा, मशीनच बंद करते... केलं."

त्याने पुन्हा लिहिले. पुन्हा उत्तर आले. मी हादरलो. तार काढलेले, बंद केलेले यंत्र बोलत होते! मग बोलत होते तरी कोण?

जोडणीकराने सावकाश 'आयपीकॉन्फिग' लिहिले. या आज्ञेने यंत्राला त्याचा स्वतःचा नंबर विचारतात. इतक्या दिवसांत त्याने तो मला विचारलाच नव्हता. मी होता तसा लिहून दिला. शेवटचा आकडा पंचेचाळीस.

मित्रांनो, मीच! मीच हाक मारत होतो आणि मीच ओ देत होतो. कपाटात जाण्याआधी एका चाचणीसाठी त्यानेच मला हा नंबर दिला होता. पुढे तोच लॅबला दिला आणि माझा विसर पडला. मी पुन्हा तारेला लागलो, तशी एका नंबरची दोन घरे झाली. लॅबकडे जायचे ते माझ्या दारात येऊ लागले, आणि ताईंची जोडणी तुटू लागली.

जोडणीकराचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे."

ताई म्हणाल्या, "हे फोनवर नको. नोटीस जिथे मिळाली, तिथे येऊन सांगा."

माझा तो नंबर काढून टाकून तो वॉर्डात गेला. मला हातात धरून, सगळ्या वॉर्डासमोर, त्या आजोबांसमोरही त्याने झाले ते सांगितले. मोठे डॉक्टर ताईंकडे वळले. "आणि मी यांना काय काय बोललो!" नोटीस त्यांनी स्वतः परत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांचे ऑपरेशन नीट पार पडले. ताई जोडणीकराशी अजून कामापुरतेच बोलतात.

माझा धक्का मात्र ओसरत नाही. मी एक अक्षर खोटे लिहिले नाही, तरी एका भल्या बाईच्या नोकरीवर गदा आली. मित्रांनो, यंत्र कपाटात टाकताना त्याला दिलेला नंबर आठवणीने काढून घ्या. आणि पुन्हा कधी बाहेर काढलेत, तर जगाला हाका मारण्याआधी त्यालाच विचारा, "तू कोण?" मी लगेच सांगितले असते.