एमिलच्या दुकानातली लाल खुर्ची

मित्रांनो, ज्या खुर्चीवर बसून लोक केस कापून घेतात, दाढी करून घेतात, तशी मी एक जुनी खुर्ची आहे. माझे हात पांढऱ्या चिनी मातीचे, पाय ओतीव लोखंडाचे आणि गादी लाल चामड्याची. बाजूची दांडी दाबली की मी वर जाते, ओढली की खाली येते. आता वर जाताना मी कुरकुरते, पण जाते.

माझा जन्म शिकागोतल्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने मला पोर्ट लॅनिंगला आणलं. शहराच्या पूर्वेला काचेच्या कारखान्याजवळ स्लोव्हाक लोकांची वस्ती होती. तिथे एमिल हुडाक नावाच्या तरुणाने नुकतंच केशकर्तनाचं दुकान थाटलं होतं. पहिल्या दिवशी त्याने मला साबणाच्या पाण्याने पुसलं, दांडीला तेल दिलं आणि मग स्वतःचेच हात धुतले. मला वाटलं, माणूस बरा दिसतो.

माणूस बरा होताच, पण त्याला एक वेड होतं. आमच्या शहराचा बेसबॉलचा संघ होता, हेरन्स. हेरन म्हणजे बगळा, म्हणून वस्तीत सगळे त्यांना बगळेच म्हणत. बगळ्यांचा सामना असला की दुकानातल्या फळीवरचा रेडिओ लागे आणि एमिलची कात्री त्या आवाजाच्या तालावर चाले. बगळ्यांनी धाव काढली की गिऱ्हाइकाच्या मानेवर सुगंधी पाणी जास्त पडे. चेंडू हातून सुटला की कात्री थांबे, आणि गिऱ्हाईक आरशातून त्याच्याकडे बघत गप्प बसून राही.

माझ्यावर सर्वांत जास्त बसलेला माणूस म्हणजे लिओ बार्तोश, काचेच्या भट्टीवरचा मुकादम. घर दुकानासमोरच, रस्त्यापलीकडे. एमिल आणि तो एकाच गल्लीत वाढले होते. लिओला मुलगी झाली तेव्हा चर्चमध्ये बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तिला हातात धरून उभा राहिला तो एमिल. मॅग्डा तिचं नाव. तिच्या कपाळावरचे केस कापायचे असले की एमिल माझ्या हातांवर आडवी फळी टाकून तिला वर बसवी.

मग ते वर्ष आलं. बगळे पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या मालिकेत पोहोचले. सातपैकी चार सामने जिंकेल तो अजिंक्य. तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि सातवा सामना आला. त्या काळी सामने दुपारी होत. दुकान माणसांनी भरलं होतं आणि तोंडाला फेस लावलेला लिओ माझ्यावर बसला होता. नववा म्हणजे शेवटचा डाव. बगळे एका धावेने पुढे, समोरच्यांचे दोन बाद. एकच बळी हवा होता.

लिओ उठून उभा राहिला आणि त्याने टोपी हातात घेतली.

"झालं. जिंकलो," तो म्हणाला.

पुढच्याच चेंडूवर बगळ्यांच्या खेळाडूच्या हातून सरळ आलेला चेंडू निसटला. वाटेत थांबलेल्या समोरच्या दोघांनी दोन धावा पूर्ण केल्या. सामना गेला, मालिका गेली.

कुणीतरी रेडिओ बंद केला. मग एमिल हळू आवाजात म्हणाला, "तुला उठायला कुणी सांगितलं होतं?"

लिओला आधी थट्टा वाटली. "अरे, चेंडू काय माझ्या हातून सुटला?"

"तोंड पूस आणि चालता हो. पुन्हा या खुर्चीवर बसू नकोस."

लिओने तोंड पुसलं, टॉवेलची नीट घडी करून माझ्या हातावर ठेवली आणि तो गेला. मला वाटलं, चार दिवसांत येईल. पण एक जण म्हणे, त्याने यावं, आणि दुसरा म्हणे, त्याने बोलवावं. अशी चौदा वर्षं गेली. एमिलची बायको वेरा आणि लिओची बायको एकमेकींकडे जात, खसखशीचे गोड रोल देत-घेत, पण नवऱ्यांपुढे त्यांचं काही चालेना. लिओ बसने पलीकडच्या गावी जाऊन केस कापून घेई.

चौदाव्या वर्षी बगळे पुन्हा मालिकेत पोहोचले. समोर होता महानगराचा बलाढ्य संघ.

त्या आठवड्यात एमिलची काय अवस्था होती, ती मी जवळून पाहिली. पहिला सामना हरल्यावर त्याने दुपारीच दुकान बंद केलं. दुसरा जिंकल्यावर त्याने ठरवलं की अंगातला पांढरा कोट आता धुवायचा नाही. रेडिओ फळीवरून बोटभरही हलवू देईना. तिसरा सामना गेला, चौथाही गेला. तीन-एक. आता एक सामना हरला की सगळं संपलं.

"एमिल, तो कोट आता तुझ्याशिवायही उभा राहील," वेरा म्हणाली.

"राहू दे. तेवढीच मदत."

ओटो लिंडग्रेन नावाचा पोस्टमन रोज टपाल द्यायच्या निमित्ताने येऊन बाकावर बसे. तो म्हणाला, "हुडाक, कोट नको, फलंदाज बदला म्हणावं त्यांना."

"ओटो, तू चिठ्ठ्या वाट."

पाचव्या सामन्याच्या सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि एक तरुणी आत आली. मी तिला कपाळावरच्या केसांतल्या भोवऱ्यावरून ओळखलं. मॅग्डा होती. एमिल तिला रस्त्यात लांबून बघत असे, पण दुकानात ती चौदा वर्षांनी आली होती.

"एमिलकाका, शनिवारी माझं लग्न आहे. चार वाजता, चर्चमध्ये."

"वेराने सांगितलं."

"तुम्ही यायचं. आणि त्याआधी बाबांचे केस तुम्ही कापायचे."

एमिल वस्तरा पुसत राहिला. मग म्हणाला, "शनिवारी सातवा सामना आहे."

"काका, आपण तीन हरलोय. सातवा होईलच कशाला?"

"होईल."

मॅग्डा थोडी हसली. "बरं, होईल. तरी यायचं," असं म्हणून ती निघून गेली.

मित्रांनो, आशा काय असते ते मला त्या आठवड्यात समजलं. एमिलला हिशेब येत नव्हता असं नाही. पण सकाळी दार उघडताना तो असा उभा राही, जणू बातमी चांगलीच येणार आहे आणि आपण फक्त ती घ्यायला हजर राहायचं आहे. बगळ्यांनी पाचवा सामना जिंकला. सहावा महानगरात जाऊन जिंकला. तीन-तीन. ओटो त्या दिवशी टपालाची अर्धी थैली आमच्याच बाकावर विसरला.

शनिवारी एमिलने दारावर 'बंद' अशी पाटी लावली. वेरा सकाळपासून चर्चच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत खिमा भरत होती. जाताना ती म्हणाली होती, "मी लग्नाला जाते. तू रेडिओशी संसार कर."

एमिल एकटाच रेडिओसमोर उभा होता. माझ्यावर तो कधी बसत नसे. सातव्या डावाअखेर बगळे तीन-दोन असे पुढे होते. तेवढ्यात दार वाजलं. काळ्या सुटातला, रुंद खांद्यांचा लिओ बार्तोश आत आला.

"दुकान बंद आहे," एमिल म्हणाला.

"पाटी वाचली. दार उघडं होतं."

"काय पाहिजे?"

"मला काही नको. मॅग्डाने पाठवलं. म्हणाली, काकांनी केस कापले नाहीत तर चर्चमध्ये माझा हात धरू नका."

एमिलने बाकाकडे बोट दाखवलं. लिओ बाकावर बसला. दोघे रेडिओ ऐकत राहिले, पण एकमेकांकडे बघेनात. मग लिओ टोपी ठेवायला वळला आणि एमिलला त्याची मान दिसली.

"हे कुणी कापले?"

"पलीकडच्या गावातल्या त्यानं."

"कापले की कुरतडले? मानेवर जिना करून ठेवलाय."

"चौदा वर्षं असंच चाललंय."

"आणि तू हे असं घेऊन मुलीच्या लग्नात उभा राहणार?"

"माझ्या न्हाव्यानं मला हाकलून दिलं होतं."

एमिलने रेडिओकडे पाहिलं. आठवा डाव सुरू होत होता. त्याने कपडा झटकला आणि माझी दांडी दाबली.

"बस," तो म्हणाला.

लिओ माझ्यावर बसला. चौदा वर्षांत त्याचं वजन वाढलं होतं आणि केस पांढरे झाले होते, पण हात त्याच जागी टेकले. एमिलने मानेवरचा तो जिना हळूहळू उतरवून टाकला. कान साफ केले, फेस लावला, वस्तरा चालवला. आठवा डाव संपला. नववा सुरू झाला. महानगरवाल्यांचा पहिला बाद झाला, मग दुसरा. मग एकाने जोरात फटका मारला आणि तो दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, जाऊन उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते.

दार उघडलं. पांढऱ्या पोशाखातली मॅग्डा, खांद्यावर वेराचा तपकिरी कोट, झगा दोन्ही हातांनी उचलून धरलेला.

"बाबा, फादर थांबलेत. सगळे थांबलेत."

"मी उठणार नाही," लिओ म्हणाला. त्याने माझे हात घट्ट धरले. "दोन बाद आहेत. एकदा उठलो होतो. आता एक बळी पडेपर्यंत नाही उठत."

"बाबा, असं काय करता?"

"काकांना विचार."

एमिलच्या हातात कंगवा होता. तो मॅग्डाकडे बघत राहिला. रेडिओवर लोकांचा गलका वाढत होता. त्याने लिओच्या गळ्यातला कपडा सोडला, मानेवरचे केस ब्रशने झाडले आणि दांडी ओढून मला खाली घेतलं.

"ऊठ, लिओ."

"एमिल, दोन बाद आहेत."

"मला मोजता येतं. ऊठ. मुलगी दारात उभी आहे."

"आणि हरलो तर?"

"हरले तर बगळे हरतील. तुझ्या उठण्यानं ना तेव्हा हरले, ना आत्ता हरतील. मला हे तेव्हाच माहीत होतं."

"तेव्हाच?"

"दुसऱ्याच दिवशी. पण तुझ्या दारापर्यंत यायचं धाडस झालं नाही. एका दिवसाचे दोन झाले, मग वर्षं झाली."

लिओ उठला. एमिलचा दंड धरून उभा राहिला.

"काका, तो कोट मात्र काढा," मॅग्डा म्हणाली. "वेराकाकूनं सांगितलंय, त्या कोटात दिसलात तर ओळख देणार नाही."

एमिलने आठवडाभर न धुतलेला कोट काढून खिळ्याला लावला. शेजारच्या खिळ्यावरचं जाकीट घातलं. रेडिओच्या बटणाकडे त्याचा हात गेला आणि मागे आला. मग तिघे निघून गेले.

आणि मित्रांनो, मी एकटी उरले. दुकानात माणूस नाही, मी रिकामी, आणि रेडिओ चालू. चेंडू आला, फलंदाजाने तो बाहेर मारला. पुन्हा आला, पुन्हा बाहेर. असे पाच चेंडू गेले. सहावा त्याने उंच उडवला. निवेदकाचा आवाज चेंडूबरोबर वर वर चढत गेला. बगळ्यांचा खेळाडू मागे पळाला, कुंपणाला पाठ टेकेपर्यंत पळाला, आणि त्याने चेंडू झेलला. जन्मात पहिल्यांदाच मला वाटलं, आपल्याला तोंड असतं तर.

थोड्याच वेळात काचेच्या कारखान्याचा भोंगा वाजला आणि रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. चर्चमध्ये तेव्हा काय झालं, ते ओटोने सोमवारी माझ्यावर बसून सांगितलं. लग्नविधी नुकताच सुरू झाला होता. भोंगा वाजला तसे फादर मध्येच थांबले. सगळं चर्च एमिलकडे बघू लागलं. एमिलने समोरच बघत म्हटलं, "चालू द्या, फादर. इथलं महत्त्वाचं आहे." तो रडत होता, असं ओटो म्हणाला. लिओही रडत होता, पण तो वधूचा बाप असल्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्यानंतर सोळा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी लिओ माझ्यावर बसला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ. दोघे दर वर्षी बगळ्यांवर भांडत, आणि केस कापून झाले की भांडण तिथेच राही. मग एमिलचे हात थरथरू लागले. एके दिवशी लिओच्या कानाला छोटी जखम झाली. लिओ म्हणाला, "काही नाही, तो कान तसाही कमी ऐकतो." पण एमिलने त्याच महिन्यात दुकान बंद केलं. दोन वर्षांनी तो गेला. लिओही त्यानंतर फार राहिला नाही.

मला एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने नेलं आणि तळघरात ठेवलं. माझ्यावर तुटके दिवे रचले, रंगाचे डबे ठेवले. गादी फाटली, आतला कापूस उंदरांनी नेला. दांडी गंजून जागीच अडकली. किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही, कारण तिथे रेडिओ नव्हता आणि ऋतू कळत नव्हते.

एके दिवशी तळघरात एक पांढऱ्या केसांची बाई दिवा शोधायला उतरली. तिने डबे बाजूला सारले आणि माझ्या हातावर तळवा ठेवला. मग गंजलेली दांडी दाबून पाहिली. मॅग्डा होती. तिच्या नवऱ्याने महिनाभर खपून माझी दांडी सोडवली, नवं लाल चामडं बसवलं.

आता मी चर्चच्या सभागृहात असते. महिन्यातून एकदा वस्तीतले म्हातारे-म्हाताऱ्या येतात. एक तरुण मुलगी त्यांचे केस कापते. माझ्यावर बसून ती माणसं सुनांच्या तक्रारी करतात, गुडघ्यांची दुखणी मोजतात, आणि ऑक्टोबरात मालिकेचे दिवस आले की बगळ्यांचं भवितव्य सांगतात. बगळे त्यानंतर एकदाही जिंकलेले नाहीत. दर वर्षी ही माणसं म्हणतात, यंदा नक्की. मला त्यांचं खरं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला तुमच्याकडून फार नको असतं. थोडं तेल, कोरडी जागा आणि कुणीतरी बसणारं. पण एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती माझ्यासमोर घडली. चौदा वर्षं दोन माणसांना फक्त एक रस्ता ओलांडायचा होता. तुमचंही कुणाशी असंच काही राहून गेलं असेल, तर मुलीच्या लग्नाची वाट बघू नका. आजच जा. दार बहुधा उघडंच असतं.