न पोचलेला सूर

डॉक्टर थॅक्सटन सरकारी मजकुराचे पान डोळ्यांपुढे धरून वाचू लागले, तसे मार्लिस ओडेगार्डचे हात आपोआप चालू झाले. समोर बसलेली कोरीना ब्लाहा जन्मतः बहिरी होती. गर्भपाताला संमती देण्यापूर्वी बाईने जे जे ऐकणे अमेरिकेतल्या त्या राज्याच्या कायद्याने सक्तीचे केले होते, ते सगळे तिला मार्लिसच्या खुणांतूनच कळायचे होते.

मार्लिसचे आईवडील दोघेही बहिरे. बोलण्याआधी ती खुणांची भाषा शिकली आणि पुढे तिने न्यायालयांत, इस्पितळांत, चर्चमध्ये दुभाषी म्हणून उभे आयुष्य काढले. पदरचे घालायचे नाही, कुणाचे गाळायचे नाही, समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचे, हा तिचा नियम. तिच्या तोंडून खुन्यांनी गुन्हे कबूल केले होते, नवरदेवांनी आणाभाका घेतल्या होत्या. त्यांतले आपल्याला काही चिकटले नाही, असा तिचा समज होता.

डॉक्टर दर आठवड्याला विमानाने परराज्यातून येत, कारण गावातला एकही डॉक्टर या कामाला राजी नव्हता. पान जसेच्या तसे वाचा, वर चकार शब्द बोलू नका, अशी दवाखान्याच्या वकिलाची त्यांना ताकीद होती. त्यांनी त्यातून आपली वाट काढली होती. ते पान ते इतक्या वैतागलेल्या, एकसुरी घाईने वाचत, की हे शब्द या माणसाचे नव्हेत हे कोणाही ऐकणारीला उमगावे. एखादी तर अर्ध्यावरच हसे.

"गर्भपातानंतर आत्महत्येचा धोका वाढतो," डॉक्टर पुटपुटले. मार्लिसने ते वाक्य स्वच्छ, ठसठशीत खुणांत मांडले.

कोरीनाचा चेहरा पांढराफटक पडला. कत्तलखान्यात मांस कापणारी, दोन मुलांची ही आई सहजासहजी भिणारी नव्हती. सकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर गर्भपातविरोधी फलक नाचवणारा एक म्हातारा तोंडाजवळ येऊन ओरडला, तेव्हा तिने त्याचे दात मोजत असल्यासारखे त्याला निरखले होते आणि ती आत आली होती. आता मात्र ती खुर्चीवरून उठली. तिच्या खुणांना मार्लिसने आवाज दिला, "माझ्या बहिणीनं जीव दिला. माझंही तसंच होणार असेल, तर मला हे करायचं नाही. माझ्या पोरांकडे कोण बघेल?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. अजून अर्धे पान राहिले आहे, तिला बसायला सांगा, एवढेच ते म्हणाले.

मार्लिसचे हात उठले नाहीत. तिने एक शब्द गाळला नव्हता की वाढवला नव्हता. तरीही कोरीनाच्या पदरात पडले ते डॉक्टरांचे बोलणे नव्हे. शब्द पोचले होते, सूर मात्र अलीकडेच राहिला होता. खुणांत सूर चेहऱ्यावरून कळतो, आणि तो गाळणे हेही गाळणेच, हे तिने नव्या दुभाषींना स्वतः शिकवले होते. पण या पानाशी आपला संबंध नको, या धास्तीने आज तिने न्यायालयात निकाल सांगताना धरायचा निर्विकार चेहरा धरला आणि त्या भित्रेपणाला सचोटी म्हटले. साहजिकच कोरीनाला जे मिळाले, तो निकालच होता.

"डॉक्टर, माझी चूक झाली. दुरुस्त करते," ती म्हणाली, आणि खुणा करता करता तेच मोठ्यानेही बोलली, "कोरीना, कुणी मानगूट धरून वाचायला लावावं, तसं वाचतायत हे. ते मी तुला दाखवलंच नाही."

डॉक्टर लालबुंद झाले. "तुम्ही दुभाषी आहात की माझ्या वकील? कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

मार्लिसने तेही कोरीनाला सांगितले, रागासकट.

कोरीना डॉक्टरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "तुम्हाला हे खरं वाटतं?"

"कायद्यानं मला हे वाचावं लागतं."

"ते नाही विचारलं मी."

फाटकाबाहेरच्या निदर्शकांच्या घोषणा भिंतीतून येत होत्या. खोलीतल्या तिघांपैकी दोघांनाच त्यांचा उपद्रव होता. डॉक्टरांनी पान टेबलावर पालथे घातले आणि प्रथमच मार्लिसकडे न पाहता कोरीनाकडे पाहिले.

"नाही. गर्भपातामुळे असं होतं, याला भरवशाचा पुरावा नाही. पण बहिणीबद्दल आपण बोलू. ते या पानावरून नाही बोलता येणार."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. बाळंतपणांनंतर तिचे मन कसे होते, घरी आधाराला कोण आहे, हे त्यांनी विचारले. दुखेल किती, रक्त किती जाईल, फोन केव्हा करायचा, हे तिने खोदून खोदून विचारून घेतले. राहिलेले पानही वाचून झाले, या वेळी मार्लिसच्या खुणांत सुरासकट. शेवटी कोरीनाने सही केली. सहीनंतर कायद्याने थांबायला लावलेला काळ संपल्यावर तिला गर्भपातासाठी पुन्हा यायचे होते.

बाहेरच्या टेबलापाशी नर्सने पुढची वेळ नोंदवली. त्या दिवशीही दुभाषी लागेल, यांनाच बोलावू का, असे तिने कोरीनाला विचारले. मार्लिसने तो प्रश्न खुणांत मांडला. कोरीनाने तिच्याकडे रोखून पाहिले, आणि मग तिचे हात झपाझप चालू लागले.

कोरीनाचे शब्द बोलताना मार्लिसने स्वर वर चढवला, कारण त्या हातांत संताप होता. "हिच्या आईनं आम्हा बहिऱ्यांसाठी जन्म वेचला. म्हणून ही जे सांगेल ते मी खरं धरून चालले, आणि मीही बहिणीसारखी जाणार, पोरं दुसऱ्याच्या दारात पडणार, असं समजून बसले. पुढच्या वेळी मला मार्लिस ओडेगार्ड नको."

नर्स एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागली. "मार्लिस म्हणजे… तुम्हीच ना?"

मार्लिसने तो प्रश्नही जसाच्या तसा कोरीनापुढे मांडला, आणि ती तिच्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली.