गॅस लावलेला पाटा

धरमसिंगची पिकअप दुकानापुढं थांबायच्या आधीच अश्वजितला तिचं दुखणं कळलं होतं. उमरखेडात शिरताना गतिरोधकावर लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज त्यानं आपल्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानात बसून ऐकला होता. गाडी डीजेची. गावोगावी विजेच्या तारा लोंबतात, त्यांच्याखालून स्पीकरची उतरंड जावी म्हणून गाड्या बुटक्या करून घ्यायची टूम निघाली आहे. तारा वर घ्याव्यात असं कोणाच्या मनात येत नाही.

धरमसिंग खाली उतरला तो हातात टॉमी घेऊनच, म्हणजे चाकं उघडायची ती हातभर लोखंडी सळई. शर्टावर रक्त वाळलेलं. ते कोणाचं, हे त्यानं आपणहून सांगितलं. परवा ढाणकीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आपटली, बांधलेला पट्टा तुटला आणि स्पीकरचा खोका त्याच्या धाकट्या भावाच्या, बाबूसिंगच्या पायावर आला. बाबूसिंग यवतमाळला दवाखान्यात पडून होता. गाडी बुटकी केली होती गेल्या दसऱ्याला, वामनराव मिस्त्रीच्या दुकानात. म्हणून आज सकाळी धरमसिंग आधी वामनरावांकडे गेला आणि पासष्ट वर्षांच्या त्या माणसाचा उजवा हात मनगटात मोडून आला.

"हाड मोडल्याचा आवाज आला मले," तो म्हणाला. "आता तू नीट करून दे. गाडी खालीच ठेव, पण टेकली नाही पायजे."

 वामनराव अश्वजितचे उस्ताद. आठ वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता, त्यांना मामा म्हणायचा. याच वर्षी त्यानं आपलं दुकान टाकलं होतं. हातातलं काम टाकून मामांकडे धावायला हवं होतं, पण समोर टॉमीवाला उभा. भ्याला म्हणा की लाचार झाला म्हणा, तो खाली मान घालून जॅक लावायला गेला.

मागच्या एक्सलवर पोलादी पाट्यांची कमान असते, गाडीचं सगळं ओझं तीच पेलते. गाडी खाली घ्यायची तर पाटे थंडच ठोकून थोडे सरळ करायचे, अशी वामनरावांची शिस्त. त्याला दिवस लागतो. गॅसच्या ज्योतीवर तापवले तर पाऊण तासात काम होतं, पण पाट्याचा जीव जातो आणि काही महिन्यांत तो पापडासारखा सपाट होतो. पाट्याला गॅस लावणाऱ्याला वामनराव दुकानाबाहेर हाकलायचे.

अश्वजितनं पाटे सोडवले आणि सर्वांत लांब पाट्यावर त्याला निळसर झाक दिसली. गॅसचीच. त्यानं टोकावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. कोणाच्या हातचं काम ते पुढं कळावं म्हणून पाट्याच्या टोकाला छिन्नीनं ठिपके मारायची त्या दुकानाची रीत होती, गिऱ्हाइकांनाही ठाऊक असलेली. वामनरावांचा एक ठिपका, अश्वजितचे दोन.

दोन होते.

दसऱ्याच्या घाईत वामनराव तापानं फणफणून घरी पडले होते आणि दुकानात तो एकटाच होता. सात गाड्या रांगेत उभ्या. त्यातली ही एक, बाबूसिंगनं आणून लावलेली.

धरमसिंग रस्त्यापलीकडं चहा पीत होता. अश्वजितनं ग्राइंडर चालू केला आणि ते दोन ठिपके घासून टाकले. मग मात्र त्यानं जन्मात केलं नव्हतं इतकं चोख काम केलं. एक्सलला वर उसळायला जागा मिळावी म्हणून वरच्या चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, अर्धगोल कापलं, कापल्या जागी जाड पट्टी वेल्डिंग करून बळकटी दिली, नवे जाड रबर बसवले. असं निगुतीनं केलं की जणू त्यानं म्हाताऱ्याचं मनगट जुळणार होतं.

नवे पाटे चढवायचे राहिले होते, तेवढ्यात धरमसिंगचा फोन वाजला.  फोन ठेवून तो म्हणाला, "पाय कापला माह्या भावाचा." आणि टॉमी उचलली. वामनराव सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालून बसले असतील, आता त्यांचा दुसरा हात मोडतो, म्हणाला. अश्वजितच्या मोटरसायकलला किल्ली लटकत होती, तो तिच्याकडं निघाला.

अश्वजित आडवा झाला. "थे काम मामाचं नोहे. माह्या हातचं आहे. मीच गॅस लावला."

"दाखव."

अश्वजितनं पाटा पुढं केला. टोकाला नुकतं घासलेलं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. धरमसिंगनं ते पाहिलं आणि थुंकला. "उस्तादाची खूण घासली, अन् आता सोता मरून राह्यला त्याच्यासाठी. मले येडा समजतं काय?"

पहिला फटका अश्वजितच्या बरगडीत बसला. दुसरा तोंडावर. दात तुटल्याचं त्याच्या जिभेला कळलं. तरी त्यानं धरमसिंगचा पाय धरून ठेवला, तर धरमसिंगनं टाचेनं त्याची बोटं ठेचली आणि तो मोटरसायकलवर बसायला गेला. अश्वजितच्या हाताला जमिनीवरचा घण लागला, पाच किलोचा. तो गुडघ्यावर उठला आणि जीव खाऊन त्यानं घण फिरवला. धरमसिंगचा गुडघा फुटला. मोटरसायकल त्याच्यावर पडली आणि तो गुरासारखा ओरडला.

"दसऱ्याले मामा तापानं घरी पडले होते, बाबूसिंगले इचार," अश्वजित धापा टाकत म्हणाला. धरमसिंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हंजे खरंच तूच होता."

"हो."

"मंग खूण कायले घासली?"

"भेलो," अश्वजित म्हणाला.

लोक जमले, कोणीतरी १०८ ला फोन केला. दोघांना एकाच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात आणलं. वऱ्हांड्यातल्या बाकावर वामनराव गळ्यात हात बांधून बसले होते. अश्वजितचं रक्तानं माखलेलं तोंड पाहून ते धडपडत उठले. डाव्या हातानं त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि ते त्याची हनुवटी पुसायला लागले.

"माह्यासाठी मार खाल्ला काय रे पोरा?" त्यांचे डोळे भरून आले होते. "काहून गेला त्याच्या आंगावर? म्हातारा हात, गेला तं गेला."

स्ट्रेचरवरून धरमसिंग दोघांकडं पाहत होता. अश्वजितला फार वाटलं की इथंच गप्प बसावं. मामांचा हात गालावर होता आणि इतक्या मायेनं त्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता.

"मामा, त्या पाट्याले गॅस मी लावलता," तो म्हणाला. "तुमी तापानं पडले होते तवा."

पंचा हनुवटीवरच थांबला. वामनरावांनी त्याच्याकडं पाहिलं, मग आपल्या प्लास्टरकडं पाहिलं. त्यांनी पंचा काढून घेतला, खांद्यावर टाकला आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.