आफियाचा निकाल नामपूरला

कुसाबाईंच्या मोबाइलवर वर्षभर एका शिंप्याच्या गिऱ्हाइकांचे फोन येत होते. "महेबूबभाई, पँट झाली का?" "महेबूबभाई, ब्लाउज कधी देताय?" कांद्याच्या वाफ्यात वाकलेल्या कुसाबाई कंबर सरळ करून सांगायच्या, "बाबा, तो आठे ऱ्हास नई. मी नामपूरनी कुसाबाई शे."

मुलाने, म्हणजे शेखरने, नवं सिमकार्ड आणून दिलं तेव्हापासून हे सुरू होतं. आधी हा नंबर नाशिक रोडच्या कुणा महेबूब टेलरचा होता. त्याचा बंद पडला आणि कंपनीने तो यांना दिला. शेखर म्हणाला, बदलून घेऊ. कुसाबाईंनी साफ नाही म्हटलं. चार माणसांशी बोलणं होतं, त्यात वाईट काय?

एप्रिलअखेरीला, कांदा साठवणीच्या चाळीत भरायची गडबड चालू असताना, त्या नंबरवर एक मेसेज आला. कुसाबाईंनी मोबाइल सुनेकडे दिला. योगिनीने तो मोठ्याने वाचला.

"अभिनंदन. कु. आफिया महेबूब मणियार हिची प्रवेश परीक्षेतून इयत्ता आठवीसाठी निवड झाली आहे. पालकांनी शुक्रवारपर्यंत मूळ कागदपत्रांसह येऊन प्रवेश निश्चित करावा. अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्याला देण्यात येईल."

खाली नाशिकच्या एका खासगी हायस्कूलचं नाव आणि फोन होता.

"आज कोणता वार?" कुसाबाईंनी विचारलं.

"गुरुवार."

"मग लाव शाळेले फोन."

योगिनीने लावला. ऑफिसातल्या मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "आफियाच्या आई बोलताय ना?"

"नाही हो. आमची काही ओळखच नाही. मेसेज चुकून आमच्याकडे आलाय. तिच्या घरी कळवा."

"कळवलंय ना. याच नंबरवर कळवलंय."

"पण हा नंबर आमचा आहे!"

"आमच्याकडे पालकांचा म्हणून हाच आहे. पत्ता मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. तिच्या सध्याच्या शाळेला निवडयादीचा ई-मेल गेलाय, पण तिथे सुट्टी लागलीय. फोन कुणी उचलत नाही."

योगिनीने कपाळावर हात मारला. कुसाबाई मात्र तेवढ्यात पुढचा विचार करून मोकळ्या झाल्या होत्या. "पोर त्या महेबूब शिंप्यानीच व्हई. त्याना त्या कोटवाल्याले लाव. लगीन तोंडवर शे म्हणून वरडत होता तो."

महेबूबभाईंकडे कोट शिवायला टाकलेल्या त्या गिऱ्हाइकाचा नंबर गेल्या आठवड्यातल्या कॉलमध्ये सापडला. त्याचं नाव सुनील. नाशिक रोडला मोटारसायकलवरून स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होता.

"आजी, त्या दिवशी ओरडलो, माफ करा," तो म्हणाला. "कोट मिळाला. दुकानात जाऊनच घेतला."

"बरं व्हयनं. आते परत दुकानात जाय."

इकडे महेबूबभाईंच्या दुकानात आफिया एका ब्लाउजला हुक लावत बसली होती. तिच्या वर्गमैत्रिणीला सकाळीच मेसेज आला होता. निवड झालेल्यांनाच मेसेज जाईल, असं परीक्षेच्या दिवशी सांगितलेलं होतं. महेबूबभाईंनी सकाळपासून दहा वेळा आपला मोबाइल उघडून पाहिला होता आणि मग तो मशीनच्या खणात ठेवून दिला होता.

"शाळेत एकदा विचारायला काय हरकत आहे?" तिची आई सुरय्या म्हणाली.

"नको, अम्मी. निवड झाली असती तर कळलं असतं. मुद्दाम फोन करून नाही कशाला ऐकायचं?"

तेवढ्यात हेल्मेटसकट सुनील आत शिरला. महेबूबभाई उठले. "काय झालं? कोट खांद्यात घट्ट होतोय का?"

"कोटाचं राहू द्या. आफिया कोण?"

आफियाने हात वर केला, वर्गात करतात तसा. सुनीलने व्हिडिओ कॉल लावलेला मोबाइल तिच्यासमोर धरला. पडद्यावर आधी कांद्याचा ढीग दिसला, मग बरंच आभाळ, मग एका म्हातारीचं कपाळ.

"तूच का आफिया? पोरी, तू पास व्हयनी!"

योगिनीने मोबाइल सरळ धरला आणि मेसेज वाचून दाखवला. आफियाने सगळं ऐकलं आणि हळूच वडिलांना म्हणाली, "अब्बू, असे फसवायचे फोन येतात. आता ओटीपी मागतील."

"कोणत्या नंबरवर आला म्हणालात, ताई?" महेबूबभाईंनी विचारलं. योगिनीने नंबर सांगितला. त्यांनी दारात येऊन मान वर करून दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. नवा नंबर रंगवायचा राहून गेलेली पाटी, तिच्यावर तोच जुना नंबर.

"बेटा, फॉर्म भरताना नंबर कुठून घेतलास?"

"पाटीवरून," आफिया म्हणाली, आणि तिच्या हातातला ब्लाउज खाली पडला.

सुरय्या आधी हसली. मग महेबूबभाई हसले, सुनील हसला, आणि आफिया रडायला लागली. तिकडून कुसाबाई ओरडल्या, "रडू नको! उद्या जाऊन नाव लाव पहिलं!"

दुसऱ्या दिवशी तिघं शाळेत हजर झाले. कागद तपासून झाले. मॅडम म्हणाल्या, "नोंदणी केलेल्या नंबरवर ओटीपी गेलाय. सांगा."

महेबूबभाईंनी नामपूरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुसाबाई ट्रॅक्टर घेऊन मार्केटात गेल्या होत्या आणि लिलावाच्या गलक्यात त्यांना रिंग ऐकूच येत नव्हती. मॅडम घड्याळाकडे पाहू लागल्या. मागे पालकांची रांग होती. आफिया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. काय हवंय ते कळल्यावर कुसाबाईंनी मोबाइल थेट लिलाव पुकारणाऱ्या गोरक्षच्या हातात दिला. "भाऊ, यातला आकडा वाच. पोरीनी शाळा अडकेल शे."

गोरक्षला हळू बोलायची सवयच नव्हती. कांद्याचा भाव पुकारावा तसा त्याने एकेक आकडा पुकारला. महेबूबभाईंनी मोबाइल कानापासून लांब धरला, तरी ओटीपी अख्ख्या ऑफिसला ऐकू गेला. मॅडमनी तिथूनच टाइप केला आणि म्हणाल्या, "झाला प्रवेश." रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली. नामपूरला गोरक्षने विचारलं, "कितीला सुटला?"

"आता तुमचा चालू नंबर द्या," मॅडम म्हणाल्या. महेबूबभाईंनी दिला. "आणि दुसरा एखादा? मेसेज दोन्हीवर जातात, म्हणजे एक लागला नाही तरी कळतं."

महेबूबभाई आठवत राहिले. आफियाने पुढे होऊन कुसाबाईंचा नंबर सांगितला.

"नातं?"

"आजी," आफिया म्हणाली. मॅडमनी मान वर न करता तसं लिहून घेतलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. घटक चाचणीचे गुण नामपूरला आले, पालकसभेचं बोलावणं आलं. योगिनी ते सगळं जेवताना वाचून दाखवायची आणि शेखर म्हणायचा, आपल्या घरात एवढा अभ्यास कधी झाला नव्हता.

ऑगस्टमधल्या एका सकाळी मेसेज आला, "आपली पाल्य आज गैरहजर आहे." कुसाबाईंनी ताबडतोब फोन लावला.

"काय व्हयनं गं?"

"थोडा ताप आहे, आजी. उद्या जाईन."

"उद्या नई. बरी व्हय, मंग जाय. शाळेले मी सांगस."

आणि त्यांनी खरोखरच शाळेत फोन लावून मॅडमना सांगितलं, की आमची पोर दोन दिवस येणार नाही.