मरळीचं तळं

बुधवारी संध्याकाळी सर्व्हर पाचव्यांदा बंद पडला आणि हर्षाचा प्रेमिलाताईवरचा संशय पक्का झाला.

घुग्घुसला हर्षाच्या घरी, पुढच्या खोलीत, एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून सतत चालू असायचा. त्यावरच्या गेममध्ये आजूबाजूच्या गावांतले अकरा जण मिळून एक अख्खा मुलूख वसवत होते. मूळ गेममध्ये नसलेल्या गोष्टी ते स्वतः तयार करून जोडायचे. त्या जोडण्यांना ते मॉड म्हणत. गोंडपिपरीला ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवणाऱ्या प्रेमिलाताईनं तळ्यातली मरळ बनवली होती, दबा धरून झडप घालणारी मासळी. त्या मरळीचं सगळ्यांना फार कौतुक होतं.

सोमवारी सर्व्हर पहिल्यांदा बसला तेव्हा हर्षाला वाटलं, खाणीकडून येणारी कोळशाची धूळ आत गेली असेल. तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडून पंखा साफ केला, मेमरी बदलून पाहिली. फरक पडला नाही. मग तिनं सर्व्हरच्या नोंदी काढल्या. पाचही वेळा, प्रेमिलाताई आत आल्यावर दहा मिनिटांच्या आत सर्व्हर गेला होता. आणि शेवटच्या ओळीत दर वेळी मरळीचंच नाव.

तिनं प्रफुलला फोन लावला. तो गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कामाला होता, आणि गेममधले अर्धे रस्ते त्यानंच बांधलेले.

"मले तं आधीच वाटलं होतं," प्रफुल म्हणाला. "तिच्या तळ्याजवळून रस्ता नेतो म्हटलं तं कशी चिडली होती! मुद्दाम करून राह्यली ते."

आता हर्षाला साध्या गोष्टीही वेगळ्या दिसू लागल्या. सर्व्हरची नक्कल, म्हणजे बॅकअप, कुठे ठेवते असं ताईनं परवा विचारलं होतं, ते कशाला? मंगळवारी सर्व्हर बसताच "गेला काय?" असा तिचाच मेसेज सगळ्यात आधी कसा आला? हर्षानं ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "ताई, तुमच्या मॉडमध्ये काय टाकलं ते सांगा. तोवर तुम्हाला आत येता येणार नाई."

ताईनं मेसेज वाचला, पण उत्तर दिलं नाही. बोलत नाही म्हणजे मनात काहीतरी आहेच, असं हर्षानं ठरवून टाकलं.

गुरुवारी सर्व्हर दिवसभर छान चालला. शुक्रवारी दुपारी, मरळ काढून टाकण्याआधी एकदा बघावी म्हणून, ती गेममध्ये तळ्याकडे गेली. काठावर पोचली आणि पडदा गोठला. सर्व्हर बंद.

आत ती एकटीच होती.

म्हणजे ताई नाही, तळं. कुणी जवळ गेलं तरच गेममधला तो भाग जागा व्हायचा, आणि या आठवड्यात तिथे ताईशिवाय कुणी गेलंच नव्हतं. हर्षानं सर्व्हरची नक्कल लॅपटॉपवर उतरवली आणि एकेक मॉड काढून पाहायला बसली. सातवा मॉड काढला आणि सर्व्हर चालला. तो ऋतूंचा मॉड होता. रविवारी तिनंच टाकला होता, सगळ्यांना गंमत म्हणून, कुणाला न सांगता. त्यानं गेममध्ये उन्हाळा आणला, तळं आटलं, आणि मरळ जवळचं पाणी शोधत राहिली. पाणी कुठेच नव्हतं. तो न संपणारा शोधच सर्व्हरला बसवत होता.

तिनं गोंडपिपरीला फोन केला. "ताई, चूक माझी होती," म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

"अकरा जणाइसमोर बोलली तू," ताई म्हणाली. "एक फोन करून विचारलं असतं तं? नक्कल काऊन विचारली मी, माहीत आहे? तुया कॉम्प्युटर जुना. बसला तं सगळ्याइची मेहनत जाईन म्हणून."

"माफ करा, ताई," हर्षा म्हणाली.

"आणि तळं आटलं तं मरळ पाणी शोधत नाई," ताई म्हणाली. "चिखलात घुसून बसते. आमचे बाबा हातानं काढतात तिले. मीच तसं लिहायले पाह्यजे होतं."

हर्षानं लगेच ग्रुपवर आपली चूक लिहिली, काहीही न लपवता. बऱ्याच वेळानं प्रफुलनं खाली लिहिलं, "माह्यंही चुकलं."

रविवारी ताईनं दुरुस्त केलेली फाइल पाठवली, सोबत एक शब्दही नाही. सर्व्हर चालू लागला, पण ताई आठवडाभर आत आली नाही. मग एका दुपारी तिचं नाव दिसलं. हर्षानं भीतभीतच लिहिलं, "जेवल्या का, ताई?"

"हो," उत्तर आलं. आणि जरा थांबून, "तू?"