खाणीच्या पहारेची साक्ष

मित्रांनो, उभी केली तर तुमच्या डोक्याला लागेल एवढी उंच आणि टोकाला झिजलेली मी एक जुनी पहार आहे. मला कुणी गोडबोली म्हणणार नाही. मी खण्णकन बोलते आणि खरं तेच बोलते. त्या बोलण्यामुळे एकदा एका साहेबांचं पेन थांबलं होतं. तीच गोष्ट सांगते.

माझा जन्म १९९१ सालचा, मुरबाडच्या लोहाराच्या भट्टीतला. मला विकत घेतलं म्हादूने. शेणवे गावाच्या पुढे एक वाडी आहे, तिथला हा तरुण. वाडीच्या माथ्यावर दगडखाण सुरू झाली होती आणि त्याला तिथे काम लागलं होतं.

डोंगर पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी छातीच दडपली. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा जवळूनही तितकाच देखणा होता. सुरुंग उडाला की पायाखालची जमीन हलायची. मग म्हादू मला भेगेत घालून अंगाचा सगळा भार टाकायचा आणि घराएवढा पत्थर सुटून खाली यायचा. एवढीशी मी आणि केवढा तो! मला स्वतःचंच नवल वाटायचं. दसऱ्याला मला झेंडू वाहायचे. "ही पहार नाय रे, हत्ती हाय हत्ती," असं म्हादू सगळ्यांना सांगायचा. मी अगदी फुशारून जायची.

पण मी काय फोडते आहे, हे मला फार उशिरा कळलं. खाणीच्या वरच्या अंगाला एक माळ होता. म्हादूची आई चिमा त्यावर नाचणी पेरायची. वाडीत कुणाच्याच नावावर जमीन नव्हती. सगळे पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर पिकवून खायचे. खाण सरकत सरकत वर गेली आणि तिने माळही गिळला. लेकाच्या हातातल्या पहारेने आईचं शेत फोडलं, मित्रांनो. याची मला आजही लाज वाटते.

२००३ साली खाण बंद झाली. परवानगीच्या कागदात एक अट होती. खड्डा भरायचा, त्यावर दोन फूट चांगली माती घालायची आणि माळ वाडीला परत द्यायचा. तपासणीत काम पास झालं की ठेकेदार मोकळा. मला खाणीच्या शेडमागे टाकून दिलं होतं. गंज खात पडल्या पडल्या मी सगळं बघत होते. ठेकेदाराने खड्ड्यात दगड आणि मुरूम लोटला, वर वीतभर माती पसरली आणि गवताचं बी फेकलं.

पुढच्या भाद्रपदात तपासणीचे साहेब जीपने आले. माळ नुसता हिरवागार डोलत होता. "वा! फारच सुंदर काम झालंय," म्हणत साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ती सही झाली असती, तर त्या माळावर पुन्हा कधीच नाचणी उगवली नसती.

तेवढ्यात चिमा पुढे आली.

"सायेब, भादव्यात कातळ पन हिरवा दिसतो. होळीला या."

ठेकेदार हसला. "अगो चिमा, तुला कागदातलं काय कळतं?"

"कागदातलं नाय कळत. मातीतलं कळतं."

ती तरातरा शेडमागे आली आणि तिने मला उचललं. "दोन फूट म्हंजे किती वो सायेब? हिच्यावर दावा." साहेबांनी टेप लावून दाखवलं. चिमाने लुगड्याची चिंधी फाडून तिथे बांधली. "ही चिंधी मातीत बुडाली, तर खुशाल सही करा."

म्हादूने मला दोन्ही हातांनी उगारलं. मी वीतभर आत गेले आणि खण्ण! साहेब दचकले. दुसरीकडे मारलं, तिथेही खण्ण. तिसरीकडेही तेच. वरून कीर्तन, आतून तमाशा! चिंधीला मातीचा कणसुद्धा लागला नव्हता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आजी, गवत बघून भुललो मी," ते म्हणाले. "होळीला येतो."

सही अडली, तसे दिवाळीनंतर ठेकेदाराचे ट्रॅक्टर लागले. रस्त्याच्या कामात निघालेली काळी माती येऊन पडू लागली. वाडीतल्या बायकांनी तिच्यात पाला आणि शेणखत मिसळलं. होळीला साहेब शब्दाला जागले. गवत वाळून गेलं होतं, चारी बाजूंचे डोंगर करपले होते. या खेपेला म्हादूने मला आईच्या हातात दिलं. पाच-सहा घाव, आणि चिंधी दिसेनाशी झाली.

मित्रांनो, आवाजच झाला नाही! जन्मभर खणखणणारी मी पहिल्यांदाच गप्प झाले. आत काय गारवा होता, काय वास होता! बाहेर काढलं तेव्हा माझ्या टोकाशी एक गांडूळ वळवळत होतं. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात म्हणे. मी डोंगरचे डोंगर फोडले, पण चिमूटभर माती काही मला करता आली नसती. चिमाने ती माती कपाळाला लावली आणि ती लहान पोरीसारखी रडली. साहेबांनी तिच्यासमोरच सही केली.

आता मी त्या माळाच्या बांधावर उभी असते. माझी चिंधी विटली आहे. तुम्ही माती जपा, आणि हिरवं दिसलं म्हणून लगेच भुलू नका. मला भेटायला जरूर या, पण भाद्रपदात नको. होळीला या. तेव्हा माळावर हिरवं काहीच नसेल, नुसती माती असेल. तीच बघायला या.